हनुवटीवरचा उजेड

सोमवार, ३ फेब्रुवारी

खिडकीजवळची खुर्ची मला द्यायचं ठरलंय. आता काय करू?

चष्म्याच्या दुकानात त्या खुर्चीवर आजवर मोठ्या ताई बसायच्या. डोळ्यांचं माप घेणं, फ्रेम बसवणं, कानामागची काडी वाकवणं – सगळं त्यांचं. त्यांच्या नवऱ्याची बदली झाली, महिनाअखेर त्या चालल्या. मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. "तुझा हात हलका आहे. एक तारखेपासून तू बस तिथे." मी म्हटलं, विचार करून सांगते. बाई बघतच राहिल्या. "यात विचार कसला करायचाय? लोक मागून घेतात ती जागा."

विचार कसला ते बाईंना कसं सांगू! मी मागच्या खोलीत काचा फ्रेमच्या मापाने घासून देते. तिथे माझ्या तोंडासमोर फक्त मशीन असतं, आणि मशीनला डोळे नाहीत. खिडकीजवळ गिऱ्हाईक समोर बसतं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. वरून दिवा, बाजूने खिडकीचा उजेड, आणि त्या सगळ्याच्या बरोब्बर मधे माझी हनुवटी.

मला ती जागा हवी आहे. हे पण लिहून ठेवते. मनापासून हवी आहे.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

हनुवटीवरचे केस सकाळी उपटले. दुपारी चहाला बोट फिरवलं तर एक उभा! कुठून येतो हा? रात्रपाळी करतो की काय?


गुरुवार, ६ फेब्रुवारी

माझा सकाळचा क्रम लिहिते. लिहिला की हसू येईल अशी आशा आहे.

आई सगळ्यांच्या आधी बाथरूममध्ये. नळ धो धो. ती बाहेर आली की मी. कडी. नळ धो धो, म्हणजे चिमट्याची टिकटिक बाहेर जायला नको. आरसा खिडकीच्या कडेला टेकवायचा, कारण तिथला उजेड खरं बोलतो. ट्यूबच्या उजेडात मी बरी दिसते, पण त्याच्यावर विश्वास ठेवायची सोय नाही. मग अंगठा. हनुवटीच्या खाली, जबड्याच्या कडेकडेने, तिथून गळ्यावर. डोळ्यांना न दिसलेला अंगठ्याला लागतो. मग चिमटा. ओठावरचं काम पार्लरवालीचं, दोऱ्याने. हातापायांचं वॅक्स. पोटावरची रेघ आहे, तिचं मी काहीच करत नाही. तिथे कोण दिवा घेऊन बघतंय?

ब्लेड मात्र नाही. ब्लेडची मला बंदी आहे. घरात ब्लेडं असतात, आईच्या शिवणाच्या डब्यात. आई लोकांचे कपडे ढिले-घट्ट करून देते, तिला उसवायला लागतात. महिन्याच्या सामानात बाबा न चुकता एक पाकीट आणतात. चौदाव्या वर्षी मी त्यातलं एक उचललं होतं. आईने माझा हातच धरला. "एकदा ब्लेड लावलंस की संपलं. आयुष्यभराचं होऊन बसतं." मी इतकी घाबरले की पुन्हा त्या डब्याकडे बघितलं नाही.

बाबा बाहेर पेपर वाचत बसलेले असतात. खोलीतला दिवा चालू राहिला तर घर डोक्यावर घेतात. नळाबद्दल मात्र कधी अवाक्षर नाही. त्यांचं लक्षच नसतं कशात. बाबांना भरघोस दाढी आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. न्हावी महिन्यातून एकदा कातरतो, बाकी सुखात वाढते. ज्यांना वाढवायची मुभा आहे त्यांची मजा आहे.

नाही आलं हसू.


रविवार, ९ फेब्रुवारी

पार्लर. दोरा तोंडात धरून पार्लरवाली म्हणाली, "हनुवटीचं लेझर करून टाक ना. तुझ्यासारख्या कितीतरी येतात माझ्याकडे."

मी म्हटलं, कितीतरी येतात तर मग असतात कुठे? मला तर रस्त्यात एकही दिसत नाही.

"तू तरी दिसतेस का कोणाला?" म्हणाली. आणि ओठ ताणून धर म्हणाली.

घरी येईपर्यंत समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हनुवटीकडे बघत आले. एका बाईने पर्स घट्ट धरली. तिला वाटलं असेल, ही चोर आहे.


सोमवार, १० फेब्रुवारी

झोप नाही. बसवत नाही, उठवत नाही. अंगठा सारखा हनुवटीवर.

आज आत्याचा फार राग आला. आत्या म्हणजे बाबांची बहीण, लांब राहते, मी तिला लहानपणी एकदाच पाहिलंय. डॉक्टरीणबाईंनी मागे सगळ्या तपासण्या केल्या होत्या. "आजार काही नाही, काहींना असतात असे. घरात कोणाला आहे का?" मी आईकडे बघितलं. आई चटकन म्हणाली, "हिच्या आत्याला. आमच्याकडे कोणालाच नाही." तेव्हापासून आत्या माझी गुन्हेगार. कपाटात तिचा एक फोटो आहे, त्यात हनुवटी नेमकी स्कार्फमध्ये. लपवतेय बघ कशी, असं मी दर वेळी म्हणते. काही द्यायचंच होतं तर ते सरळ नाक द्यायचं होतंस ना, आत्ये.

आईचा चेहरा या वयातही कसा तुकतुकीत आहे. तिच्या शेजारी फोटोला उभी राहायला नको वाटतं. या घरात हे भोगणारी मी एकटीच. बाबांच्या बाजूचं सगळं माझ्या वाट्याला आलं, आईचं काहीच नाही.


बुधवार, १२ फेब्रुवारी

मोठ्या ताईंच्या शेजारी बसून दिवसभर शिकले. आणि एक शोध लागला!

गिऱ्हाईक बसलं की पहिलं काय करायचं? त्याचा जुना चष्मा काढून घ्यायचा. म्हणजे माप घेताना त्याला समोरचं काही धड दिसतच नाही! डोळे बारीक करून माझ्या दिशेला कुठेतरी बघतात बिचारे. मी एका आजोबांच्या नाकापर्यंत वाकले तरी ते "ताई कुठे गेल्या?" विचारत होते. इतकी वर्षं फुकट घाबरले. हसू आवरेना.

हे सुख दुपारपर्यंत टिकलं. दुपारी एक बाई नवा चष्मा न्यायला आल्या. मोठ्या ताईंनी तो त्यांच्या नाकावर ठेवला, काड्या नीट केल्या, म्हणाल्या, "आता माझ्याकडे बघा."

नवा चष्मा घातला की माणसाला आयुष्यात कधी नव्हे इतकं स्वच्छ दिसतं. आणि पहिल्यांदा स्वच्छ दिसते ती खुर्चीवर बसलेली बाई. एक तारखेपासून ती बाई म्हणजे मी.

बाईंना नाही म्हणून सांगणार. उद्याच सांगते.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

नाही सांगितलं. हो पण नाही सांगितलं.


शनिवार, १५ फेब्रुवारी

आई पडली. स्वयंपाकघरात पाणी सांडलं होतं, पाय सरकला. उजवं मनगट मोडलं. पंजापासून कोपरापर्यंत प्लास्टर. बोटांची टोकं तेवढी बाहेर, ती पण सुजलेली. मशीनवर कापड टाकून झाकून ठेवलं. शिवण बंद.

दुखतंय का विचारलं तर म्हणाली, "हाताचं काही नाही गं." मग कशाचं आहे?


सोमवार, १७ फेब्रुवारी

आईने आज तोंडाला मफलर बांधलाय. कानांवरून, हनुवटी झाकून, पार गळ्यापर्यंत. दाढ दुखते म्हणाली. एका संकटाने भागलं नाही म्हणून दुसरं.

केस विंचरून देते म्हटलं तर नको. तोंड पुसून देते म्हटलं तर एकदम ओरडली, "मी काय तान्हं बाळ आहे?" मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं. डाव्या हाताने चहा करायला गेली आणि साखर सगळी ओट्यावर.


बुधवार, १९ फेब्रुवारी

मफलर तसाच. झोपतानाही तसाच. जेवायला आमच्यासोबत बसत नाही, मागून एकटी जेवते. मफलरच्या कडेला मला रक्ताचा डाग दिसला. विचारलं तर तोंड फिरवलं.

माझ्या डोक्यात नाही नाही ते येतंय. साधी दाढ असती तर औषध घेतलं असतं. तोंडातून रक्त येतंय आणि ती लपवतेय. काहीतरी मोठं आहे, ती आम्हाला सांगत नाही.

बाबांना म्हटलं, हिला दातांच्या डॉक्टरकडे नेते. पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "नको नेऊस." का? "तिला नको असेल तर असू दे ना."

असू दे! बायको रक्त लपवतेय आणि हे म्हणतात असू दे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, तुमचं या घरात कशात तरी लक्ष आहे का? त्यांनी पेपर खाली ठेवला, काही बोलणार असं वाटलं. मग उठून दाराबाहेर गेले आणि पायरीवर बसून राहिले.

मी शुक्रवारची वेळ घेतली.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अर्धी सुट्टी टाकली. आईला जवळजवळ ओढत नेलं. वाटेत तीनदा म्हणाली, "थांबली गं दाढ." मी ऐकलं नाही.

दातांचा डॉक्टर तरुण, गप्पिष्ट. आईला खुर्चीत आडवं केलं, तो मोठा दिवा खाली ओढला. आईने मफलर डाव्या हाताने धरून ठेवलेला. "काकू, हा काढायचा हं." आई म्हणाली, "असंच बघा." आणि मफलर खालच्या ओठापर्यंत तसूभर सरकवून तोंड उघडलं! डॉक्टर हसला. "पाकिटात हात घातल्यासारखं कसं बघू?" त्याने मफलरला हात लावला मात्र, आई अशी ताडकन उठली की ट्रेमधली हत्यारं खाली सांडली. "दाढ थांबली," म्हणाली. आणि चालू पडली. मी माफी मागत, हत्यारं उचलत मागे राहिले. दारातून तिच्याकडे बघितलं तर ती रस्त्याच्या कडेला उभी होती, दोन्ही डोळे पाण्याने भरलेले. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं.

घरी बाबा नव्हते. तिने मला बाथरूममध्ये नेलं.

"कडी लाव."

लावली.

"नळ सोड."

सोडला. मग ती मफलरची गाठ सोडायला लागली. एका हाताने सुटेना. मी सोडवली.

हनुवटीवर खुंट. काळे-पांढरे, राठ. हनुवटीखाली, जबड्याच्या कडेकडेने, तिथून गळ्यावर. मी माझ्याच अंगठ्याचा रस्ता बघत होते. हनुवटीच्या टोकाला कापल्याची खपली.

"डाव्या हाताने करून बघितलं," आई म्हणाली. "जमत नाही."

ब्लेडने?

"मग कशाने? शिवणाच्या डब्यातल्या. उसवायला काय, कात्री पण चालते."

कधीपासून, विचारलं. म्हणाली, "रोज. तू पोटात होतीस तेव्हाही रोज."

मी विचारलं, आणि आत्या? आई खाली बघायला लागली. "तिला कुठलं काय. गुळगुळीत चेहरा तिचा. म्हणून तर मला तिचा राग यायचा."

मी रडेन असं वाटलं होतं. पण आधी राग आला, असा राग की कानशिलं तापली. मी ओरडले. नळाच्या वर आवाज चढवून ओरडले – मी एवढी वर्षं कडी लावून एकटी रडायचे, आणि तू बाहेर आलेली असायचीस, पाच मिनिटांपूर्वी, याच आरशासमोरून! तुला सांगता येत नव्हतं?

आई अंघोळीच्या पाटावर बसली. प्लास्टरचा हात मांडीवर. म्हणाली, "माझं आहे म्हटलं असतं तर तू रोज माझ्याकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, म्हणजे हे कधी जातच नाही. आत्याचं म्हटलं, की ती कुठे तुझ्यासमोर आहे? मला वाटलं, तू ब्लेडपासून लांब राहिलीस तर तुझं तरी सुटेल."

मग मी रडले. ती पण. नळ वाहत होता, बादली भरून सांडत होती, आम्हाला शुद्ध नव्हती.

मी शिवणाच्या डब्यातून ब्लेड आणलं. दाढीच्या रेझरचा दांडा तिने कपड्यांच्या चिंध्यांखाली ठेवला होता, तो पण सापडला. साबणाचा फेस केला. तिचा चष्मा काढून बाजूला ठेवला, हनुवटीखाली दोन बोटं लावली आणि तोंड खिडकीकडे वळवलं, मोठ्या ताईंनी शिकवलं तसंच. कुठे कापलं नाही. बाईंचं खरं आहे, माझा हात हलका आहे.

झाल्यावर तिने चष्मा घातला. आरशात बघेल असं वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून. "डावीकडे एक राहिलाय तुझा."

मी विचारलं, बाबांना माहीत आहे?

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "त्यांना कळता कामा नये. लग्नापासून डोळ्यांत तेल घालून जपलंय मी. त्यांच्या आधी उठते ती उगाच? माझी शपथ घे, बोलणार नाहीस."

घेतली शपथ.


रविवार, २३ फेब्रुवारी

आता सकाळी आम्ही दोघी एकदम आत जातो. नळ एकदाच सोडतो. बाबांना सांगितलंय, प्लास्टर भिजू नये म्हणून मदत करते. "बरं," म्हणाले. त्यांना काहीही सांगा, बरं.

आज आई माझ्या हनुवटीकडे बघून म्हणाली, "तुझे अजून मऊ आहेत." हेवा केल्यासारखं. मला हसू आलं. मग तिला पण. दोघी तोंडावर टॉवेल दाबून हसलो.

राग गेलेला नाही. फेस लावतानाही अधूनमधून येतो. आत्याच्या फोटोची मात्र माफी मागितली.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

बाईंना हो सांगितलं. सांगून बाहेर आले आणि अंगठा लगेच हनुवटीवर.


शनिवार, १ मार्च

बसले खुर्चीवर.

सकाळचे पहिले गिऱ्हाईक एक गृहस्थ, बायकोला घेऊन आलेले. नवा चष्मा चढवला, म्हटलं, आता माझ्याकडे बघा. त्यांनी बघितलंच नाही! वळून बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "हे केस कधी पांढरे झाले तुझे?" बायको म्हणाली, "चष्मा परत करा हो यांचा." मी एवढी तयारी करून बसलेले, आणि माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना.

दुपारी मात्र एक आली, माझ्याच वयाची. शेजारून ऊन थेट माझ्या तोंडावर. तिने नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं आणि तिची नजर हनुवटीवर थांबली. सकाळी घाईत एक राहिला होता, मला माहीत होता. अंगठा आपोआप वर निघाला. मी तो मांडीवर दाबून धरला. मान खाली घातली नाही. वाटलं, आता काय म्हणायचं ते म्हण.

ती म्हणाली, "डाव्या कानामागे टोचतंय."

मी काडी वाकवली.


रविवार, २ मार्च

आईचं प्लास्टर अजून निघायचंय. मशीनवर कापड तसंच टाकलेलं आहे, घरात टाकाभर शिवण नाही. बाबा महिन्याचं सामान घेऊन आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि पेपर घेऊन बसले. मी एकेक वस्तू बाहेर काढली. साबण. चहा. काड्यापेटी.

ब्लेडची पाकिटं दोन.